पिक्चरमधला पगार

सरुबाई शिरोलीच्या एका फाउंड्रीत लोखंड ओतायचे वाळूचे साचे करते. शेजारच्या टेबलावरचा पुरुषही तेच करतो, तेवढेच करतो. पगार मात्र त्याला जास्त. गेल्या वर्षी तिथल्या बायकांनी समान पगारासाठी संप केला. सरुबाई सगळ्यांत पुढं. भर पावसात गेटवर बसून तिनं ताप अंगावर काढला. शेवटी मालकानं दुसऱ्या बायका आणायची भीती घातली, तशा सगळ्या होत्या त्याच पगारावर निमूट आत गेल्या. कामगार कार्यालयात केलेली तक्रार तेवढी उरली.

संपाच्या वेळी रोज गेटवर येणाऱ्या यशराज नावाच्या दिग्दर्शकानं त्यावर पिक्चर काढला आणि पहिल्या खेळाला बायकांना बोलावलं. सरुबाई फाउंड्रीतल्याच मैत्रिणीला, तानाबाईला, घेऊन गेली.

पडद्यावर आपलंच बोलणं ऐकून दोघी हरखल्या. मग शेवट आला. मालक हात जोडतो, पुरुषांएवढा पगार जाहीर होतो, गुलाल उधळतो. थेटरात शिट्ट्या पडल्या.

सरुबाई ताडकन उठली. "अवो, आमास्नी कुठं मिळाला?"

"खाली बसा की मावशी! दिसंना झालंय," मागून कुणीतरी ओरडलं.

बाहेर तिनं यशराजला गाठलं. "शेवट खोटा का केलासा?"

"मावशी, लोकांनी निराश होऊन घरी जाऊ नये म्हणून."

"मग आमी कसं जायाचं घरी?"

तेवढ्यात त्याला कुणीतरी फोटोसाठी ओढून नेलं.

दुसऱ्या दिवशी शेजारीण पेढे मागायला लागली. फाउंड्रीत सुपरवायझर हसला, "जिकलासा की पिक्चरमधी! अजून काय पायजे?" सरुबाईनं आपटायला साचा उचलला आणि तसाच खाली ठेवला. फुटला असता तर तिच्याच पगारातनं कापला असता.

सोमवारी फाउंड्रीला सुट्टी. दोघी कामगार कार्यालयात गेल्या.

"तुमचं मिटलं न्हवं?" टेबलामागचा कारकून म्हणाला. "आमच्या मंडळींनी बघितला की पिक्चर. रडत आली घरी."

तानाबाई कपाळावर हात मारून दाराकडं वळली. सरुबाईनं तिचा दंड धरला, समोरची खुर्ची ओढली.

"न्हाय मिटलं. सायबास्नी बोलवा."

"मीटिंगला गेल्यात."

"येऊ द्यात. बसतो आमी."

कार्यालय बंद होईपर्यंत दोघी बसून राहिल्या. साहेब आलेच नाहीत. जिना उतरताना तानाबाई पुटपुटली, "उद्या यायचं म्हंजे खाडा पडतोय गं."

"पडू दे," सरुबाई म्हणाली.

मंगळवारी दार उघडायच्या आधीच ती पायरीवर येऊन बसली होती.