चार खोल्यांची राखण

"कुणालाच पटायचं न्हाई," बशीतला चहा फुंकत कोंडाजी म्हणाला, "पर लीलाबाईच्या कंप्युटरात सातासमुद्रापलीकडचे चोर शिरले. येक-दोन न्हवं, आख्खी जत्रा."

बावधनहून येऊन वळणावरच्या टपरीवर चहाला थांबलेल्या सुलक्षणाताईंचा बिस्किटाचा हात कपावरच थांबला. त्यांची खोली लीलाबाईकडे ठरली होती. नाव, फोन, आधार, सगळं आधीच तिच्याकडे पोचलं होतं.

कोंडाजीला एवढंच हवं होतं. ताम्हिणी घाटातल्या त्याच वळणावर त्याच्या चांगल्या सहा खोल्या, गरम पाणी, अंगणात झोका. तरी गाड्या त्याचा झोका बघत पुढे जायच्या आणि लीलाबाईच्या चार खोल्यांपाशी थांबायच्या. हिंजवडीत नोकरीला असलेल्या तिच्या भाचीने, अपेक्षाने, सगळं बुकिंग क्लाउडवर नेऊन ठेवलं होतं. महिन्याला दुधाच्या रतिबाएवढे पैसे, आणि राखण मोठ्या बँकेला असते तसली. एक पाहुणा तर त्याला तोंडावर म्हणाला होता, "काका, तुम्ही आधारचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागता. तिकडे जरा निर्धास्त वाटतं." तेव्हापासून तिच्या दारात गाडी वळली की कोंडाजीच्या घशाखाली घास उतरत नसे.

"मग काय झालं?" सुलक्षणाताईंनी विचारलं.

"काय व्हायचं, ताई? चोर लई हुशार. आदी तिच्या लेकाचं नाव टाकलं. मग गावदेवीचं. मग म्हशीचं, हरणी. खटकन उघडलं बघा. समद्यांचे आधार घिऊन पसार. त्यातला येक तर जाताना मराटीत शिव्या घालत हुता म्हनं."

सुलक्षणाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने फोन खिशातून काढला. कोंडाजीने खुर्ची हलकेच पुढे सरकवली.

"माज्याकडं खोल्या हायेत. ह्या काय, समोरच."

"चोर आला हुता, खरं हाय."

बोलली ती लीलाबाई. पाहुण्यांना न्यायला आलेली ती कोंडाजीच्या पाठीमागे कधीची उभी होती.

"पर उघडलं न्हाई, ताई. दोन-चारदा चुकलं की ते आपसूक दार लावून घेतं. मला मेसेज आला, कुनीतरी चुकीचा पासवर्ड टाकतंय म्हनून. अपेक्षानं समदं तपासलं. आत कुनी गेलं न्हाई."

कोंडाजीने रिकामी बशी तोंडाला लावली.

लीलाबाई शेजारची खुर्ची ओढून निवांत बसली.

"काय टाकलं, ते मातर मेसेजात येत न्हाई. मग भावजी, हरणीचं नाव टाकल्यालं तुमाला कसं ठावं?"