अहो, जरा थांबा ना

मी डबी बोलतेय. नाव ऐकून तपकिरीची डबी डोळ्यांसमोर आणू नका. मी एक खोली आहे, चाकांवरची. मला इंजिन नाही, स्टिअरिंग नाही. मोटारीच्या मागच्या आकड्याला मला अडकवायचं आणि ती नेईल तिकडे मी जायचं. पोटात एक घडीचा पलंग, भिंतीला मिटवून ठेवता येणारं टेबल, एका शेगडीपुरता ओटा आणि तीन खिडक्या. दोन कुशींना, एक पाठीला. पुढे बघायला खिडकीच नाही. त्यामुळे मी जे काही जग पाहिलं, ते बाजूने सरकताना किंवा मागे पडताना पाहिलं.

मला दोन भावांनी त्यांच्या गॅरेजमध्ये बांधलं. थोरला म्हणायचा, "मजबूत पाहिजे." धाकटा म्हणायचा, "हलकी पाहिजे." शेवटी भिंती धाकट्याच्या झाल्या आणि दार थोरल्याचं. म्हणून आजही वारा सुटला की भिंती थरथरतात आणि दार मात्र तुरुंगासारखं लागतं.

माझा पहिला मालक मधमाश्या पाळायचा. फुलं जिथे, तिथे त्याच्या पेट्या, आणि पेट्या जिथे, तिथे मी. तो फारसा बोलायचा नाही, पण एकेका माळावर महिना महिना मुक्काम करायचा. मला वाटायचं, प्रवास म्हणजे हाच. पुढे त्याचे गुडघे गेले आणि मी त्याच गॅरेजच्या मागे जाऊन पडले. कोंबड्यांनी माझ्या पलंगावर अंडी घातली. गंजाने माझी एक बाजू खाल्ली. अशा अवस्थेत मला काकांनी पाहिलं.

काका म्हणजे बसचे ड्रायव्हर. नुकतेच निवृत्त झालेले. सगळी गल्ली त्यांना काका म्हणायची आणि त्यांच्या बायकोला काकू, म्हणून मीही तेच म्हणते. काकांचा आयुष्यभराचा धर्म एकच: गाडी वेळेवर पोहोचली पाहिजे. पाऊस असो, पंक्चर असो, त्यांची बस उशिरा आली असं कधी कुणी म्हटलं नाही. काकू घरी रफूचं काम करायच्या. कोटाला पडलेलं भोक त्या असं विणून टाकत की गिऱ्हाईक उजेडात धरून शोधत बसे. "सापडलं तर चहा माझ्याकडून," असं काकू म्हणायच्या. त्यांना कुणाला चहा पाजावा लागल्याचं मी ऐकलं नाही.

दोघांचं एक स्वप्न होतं. डेपोतल्या कॅलेंडरवर एका दीपगृहाचं चित्र होतं. तिथे रस्ता संपतो आणि समुद्र सुरू होतो. "निवृत्त झालो की तिथपर्यंत जायचं, सगळा देश बघत बघत," असं काका लग्नापासून म्हणत होते. आधी मुलगी लहान होती, मग तिचं शिक्षण, मग तिचं लग्न. 'निवृत्त झालो की' हा शब्द इतका जुना झाला होता की त्यालाही पेन्शन मिळायला हवी होती.

काकांनी मला खरवडलं, रंगवलं, नवे टायर घातले. काकूंनी आत बसून पडदे शिवले. आत शिरताना त्यांचं डोकं दाराला आपटलं आणि त्या हसून म्हणाल्या, "अगं बाई, ही खोली कसली, डबीच आहे!" माझं बारसं असं झालं.

पडदे शिवतानाच एका दुपारी त्यांच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. काका टायर आणायला गेले होते.

"डॉक्टर काय म्हणाले?" बहिणीने विचारलं असावं, कारण काकू म्हणाल्या, "डोळ्यामागची नस सुकत चाललीय म्हणाले. इलाज नाही. आत्ताच कडा गेल्यात. नळीतून बघावं तसं दिसतं. हळूहळू नळीही बंद होईल."

पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला.

"नाही, ह्यांना नाही सांगणार," काकू म्हणाल्या. "ह्यांना सांगितलं की प्रवास संपला. एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात. जेवढं दिसतंय तेवढ्यात मला जग बघू दे गं. परत आले की सांगेन."

फोन ठेवून त्या सुईत दोरा ओवायला लागल्या. बघून नाही, बोटांनी चाचपून. दोन-तीनदा दोरा बाजूने गेला. मग गेला आत.

आणि आम्ही निघालो.

"चला, चला, वेळ झाली," म्हणत काकांनी मोटार सुरू केली. मागे मी. मोटारीच्या काचा उघड्या असायच्या आणि काकांचा आवाज डेपोतला, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. काकूंचा हात खिडकीतून बाहेर यायचा, बोट काहीतरी दाखवायचं. ते जे काही असेल ते मोटारीतून निसटून माझ्या कुशीच्या खिडकीत यायचं, मग पाठीच्या खिडकीत, आणि लहान होत होत संपायचं.

"अहो, तो पूल बघा! खाली घोडे धुतायत. जरा थांबा ना."

"पुलावर थांबता येत नाही गं."

हे खरंच होतं. पण पूल संपल्यावरही आम्ही थांबलो नाही.

मग जवसाचं शेत आलं. निळ्या फुलांचं. इतकं निळं की आकाश सांडलंय असं वाटावं. "अहो, जरा थांबा ना." "येताना थांबू. आत्ता ऊन चढतंय." मग एका नदीच्या काठी रंगाऱ्यांनी ताजं रंगवलेलं कापड वाळत घातलं होतं. पिवळे, तांबडे, जांभळे लांबच लांब तागे, वाऱ्यावर पोट फुगवून. ज्या बाईने उभा जन्म सूत आणि रंग जुळवण्यात घालवला, तिला ते काय वाटलं असेल!

"थांबवा! अहो, खरंच थांबवा!"

"उजेडात मुक्कामी पोहोचायचंय. पुढे याहून छान आहे, मी नकाशात बघितलंय."

काकूंचा हात खिडकीबाहेर बराच वेळ तसाच राहिला. मग आत गेला.

काका वाईट नव्हते, हे मी आवर्जून सांगते. मुक्कामाला पोहोचलो की तेच पाणी आणत, तेच माझी चाकं दगडांनी अडवत, काकूंचे पाय चेपून देत. त्यांना बिचाऱ्यांना वाटायचं, बायकोचं स्वप्न आपण वेळेवर पुरं करतोय. रस्ता म्हणजे दोन स्टॉपांमधलं अंतर, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

आणि काकूंचं जग माझ्या पोटात लहान होत चाललं होतं. मिठाची बरणी डावीकडे, काडेपेटी तिच्या मागे, कप खिळ्यांना. काकांनी चुकून बरणी हलवली तर त्या अशा चिडत की काका चकित होत. "एवढ्याशा मिठावरून?" टेबलाच्या कोपऱ्याने त्यांची मांडी काळीनिळी झाली होती. एका सकाळी त्या चहा ओतत होत्या आणि कप होता वीतभर पलीकडे. चहा काकांच्या नकाशावर आणि हातावर सांडला.

"अगं, लक्ष कुठे आहे तुझं?" काका ओरडले. "डोळे आहेत की बटणं?"

काकू फडक्याने टेबल पुसत राहिल्या. पुसून झालं तरी पुसत राहिल्या.

"बटणंच म्हणा," त्या म्हणाल्या आणि हसल्या. काकाही हसले.

डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याच्या कितीतरी आधी ती नळी बंद होत आली. दीपगृहाला पोहोचलो त्या दिवशी स्वच्छ ऊन होतं. काकांनी मला रस्त्याच्या अगदी टोकाला उभं केलं, घड्याळ बघितलं आणि शाळकरी पोरासारखे खाली उतरले. ठरवलेल्या दिवशी, ठरवलेल्या वेळेला!

"ये, ये, ये!" त्यांनी काकूंना हाताला धरून कठड्यापाशी नेलं. "आलो की नाही? बघ समोर!"

वारा जोरात होता. काकू समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"छान आहे," त्या म्हणाल्या.

"आणि ते जहाज बघितलंस का? पांढरं?"

"हो. केवढं मोठं आहे."

जहाज नखाएवढं होतं आणि काकूंचं तोंड त्याच्या भलत्याच दिशेला होतं. काकांनी हात वर केला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर हलवला. काकूंची पापणीही लवली नाही.

"कधीपासून?" काकांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका बारीक ऐकला.

"निघायच्या आधीपासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर दवाखान्यातल्या बाकांवर बसवून ठेवलं असतंत. मला बाकं नव्हती बघायची."

"अगं पण मी... मी थांबलो असतो ना! जागोजागी थांबलो असतो!"

"मी थांबा म्हणत होते की हो," काकू म्हणाल्या. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं काकांच्या चेहऱ्याकडे बघून मला वाटलं.

काका माझ्या पायरीवर येऊन बसले. म्हणाले, "रस्त्यावर कुणीही परक्याने हात केला की मी बस थांबवायचो. आयुष्यभर. आणि तू..." काकू चाचपत आल्या आणि शेजारी बसल्या. "चूक माझीही आहे," त्या म्हणाल्या. "सांगायला हवं होतं. मला वाटलं, तुम्ही एकदा तरी नुसत्या माझ्या सांगण्यावरून थांबाल."

परतीच्या वाटेवर आम्ही सगळीकडे थांबलो. पण हंगाम बदलला होता. नदीकाठी नुसते बांबू उभे होते, कापड नव्हतं. पुलाखाली घोडे नव्हते. काकांनी जवसाच्या शेताशी मोटार थांबवली, काकूंना बांधावर नेऊन उभं केलं.

"काय दिसतंय?" काकूंनी विचारलं.

"निळं आहे सगळं," काका म्हणाले. "फुलंच फुलं. अगदी तशीच."

काकूंनी कान दिला, वास घेतला. खाली वाकून हाताने एक काडी मोडली. ती कडकन मोडली.

"वाळलंय ना हो?"

"हो," काका म्हणाले.

"मग वाळलेलं सांगा. तेही मी बघितलेलं नाही."

काकांना सांगता येईना. जन्मभर त्यांनी फक्त रस्ता बघितला होता. खड्डा, वळण, सिग्नल. "गवत आहे," असं म्हणून ते अडायचे. "कसलं?" "गवतासारखं." काकू हसून हसून बेजार. पण हळूहळू त्यांना जमायला लागलं. घर यायच्या आधी एका तळ्याकाठी ते म्हणाले, "एक बगळा आहे, एका पायावर. तिकीट न काढलेल्या माणसासारखा इकडेतिकडे बघतोय." काकूंनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर आम्ही कुठेच गेलो नाही. काकांनी मला अंगणात, रस्त्याच्या बाजूच्या कुंपणाला लावलं. चाकं काढून खाली विटा रचल्या. स्वयंपाकघराच्या दारापासून माझ्या दारापर्यंत कमरेच्या उंचीवर एक दोरी बांधली. दुपारचं जेवण झालं की काकू दोरी धरून यायच्या, पलंगावर खिडकीशी बसायच्या आणि काका पायरीवर बसून रस्ता सांगायचे. कोण चाललंय, छत्री कोणत्या रंगाची, समोरच्या इस्त्रीवाल्याने आज केस कापलेत. सांगता सांगता मधेच थांबायचे. काकूंना वाटायचं, रस्ता रिकामा असेल. मला दिसायचं, काका हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसतायत.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. न्युमोनियाचं निमित्त झालं. मुलगी आता इथे राहायला आली आहे, आईसाठी. ती चांगली आहे, पण तिला नोकरी आहे, मुलं आहेत. सुटीच्या दिवशी तिला वेळ मिळाला की ती आईला हाताने धरून आणून बसवते.

"काय चाललंय गं बाहेर?" काकू विचारतात.

"काही नाही गं आई. रोजचंच."

"रोजचंच सांग की."

मुलगी एक-दोन वाक्यं बोलते. मग तिचा फोन वाजतो.

बाकी दिवशी काकू एकट्याच दोरी धरून येतात आणि माझ्या खिडकीशी बसतात. काच उघडून चेहरा बाहेर काढतात. मला सगळं दिसतं हो! माझी ही कूस नेमकी रस्त्याकडे आहे. आत्ता पलीकडच्या गच्चीवर एक मुलगी ओले केस वाळवतेय. एक म्हातारा सायकल हातात धरून चाललाय आणि कॅरियरवर त्याचं मांजर बसलंय, राणीसारखं. इस्त्रीवाल्याकडे आज हिरव्या चादरींचा ढीग आलाय. मला दिसतं, पण सांगता येत नाही. मला खिडक्या दिल्या, तोंड दिलं नाही. तुम्हाला हे जे सांगतेय, तेही तुम्ही वाचताय म्हणून.

म्हणून एक विनंती आहे. गंजलेल्या भिंतींची, विटांवर बसवलेली एक खोली अंगणात दिसली आणि तिच्या खिडकीत एक म्हातारी बाई दिसली, तर नुसते निघून जाऊ नका. फाटकाला कुलूप नसतं. आत या, पायरीवर बसा. फार काही बोलायला नको. तुम्ही येताना वाटेत काय काय बघितलंत, तेवढंच काकूंना सांगा.