बाबा बसले की घासणारे चाक

मित्रांनो, मी दोन दारांची एक लाल स्पोर्ट्स गाडी आहे. आता जुनी झाले आहे. जुन्या गाड्या गोड-गोड आठवणी सांगतात अशी तुमची समजूत असेल, तर ती आधीच सोडून द्या. माझ्या तोंडाला चव राहिलेली नाही. का, ते ऐका.

कारखान्याचे कौतुक मी सांगत बसत नाही. प्रत्येक गाडी आपल्या कारखान्याचे गोडवे गातेच. मला घरी आणले ते एका चष्मेवाल्यांनी. उभा जन्म दुकानात बसून त्यांनी लोकांच्या डोळ्यांवर भिंगे चढवली आणि केस पिकल्यावर एक दिवस मला विकत घेतले. शेजारी हसले. "या वयात हे काय खूळ!" म्हणाले. बाबांनी मनावर घेतले नाही. घरात सगळे त्यांना बाबाच म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. त्यांनी मला मऊ फडक्याने पुसले, वेळच्या वेळी तेल बदलले आणि आपल्या एकुलत्या मुलाला माझ्यावरच गाडी शिकवली. "क्लच हळू सोड रे, ती काही पळून जात नाहीये," असे ते हसत म्हणायचे. माझे ते खरे सुखाचे दिवस.

मग बाबा दुकानाच्या पायऱ्यांवरून पडले आणि खुब्याचे हाड मोडले. गाडी चालवणे संपले. किल्ली चिरंजीवांकडे गेली. दर मंगळवारी बाबांना व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचे काम माझ्याकडे आले. बाबा अंगाने चांगले भरदार. चालकाशेजारच्या जागेवर ते ऐसपैस बसत. परतताना तळ्याकाठच्या रस्त्याने एक फेरी ठरलेली असे. त्या फेरीत ते डोळे मिटून माझ्या इंजिनाचा आवाज ऐकत. डॉक्टरांनी सांगितले होते की व्यायाम चुकवला नाही तर ते पुन्हा काठीवर चालू लागतील. मला तेवढेच हवे होते.

पण चिरंजीवांच्या डोक्यात वेगळेच भूत शिरले. मित्रांच्या गाड्या जमिनीला चिकटून पळत, मग आपली का नको? मेकॅनिकने माझ्या मूळच्या स्प्रिंगा काढल्या आणि आखूड स्प्रिंगा बसवल्या. कुणी दोन्ही खांदे दाबून खाली बसवावे, तशी मी बसले. चिरंजीव माझ्याभोवती फिरून फोटो काढत राहिले.

पुढच्या मंगळवारी बाबांना आत बसायला फार कष्ट पडले. एक हात माझ्या छतावर, दुसरा मुलाच्या खांद्यावर. "विहिरीत उतरल्यासारखं वाटतंय रे," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. पहिल्याच वळणावर माझ्या पुढच्या चाकातून आवाज आला, खर्रर्र! चिरंजीवांच्या अंगावर काटा आला. पुढच्या वळणावर पुन्हा खर्रर्र.

मेकॅनिकने मला जॅकवर उचलले आणि चाक हाताने फिरवले. आवाज नाही. कसा येणार? उचलल्यावर चाक खाली लोंबते, ते कशालाच लागत नाही. पण स्प्रिंगा त्यानेच बसवलेल्या, मग त्यांच्याकडे बोट कसे दाखवणार? त्याने ब्रेकमागचा पत्रा सरळ केला, पोटाखालचे बोल्ट आवळले आणि चिरंजीवांच्या शेजारी बसून एक चक्कर मारली. मेकॅनिक म्हणजे नुसती काडी. मी गप्प पळाले. मंगळवारी बाबा बसले आणि पुन्हा खर्रर्र. असे कितीदा तरी झाले. मला सगळे कळत होते, पण मला हॉर्नपलीकडे बोलता येत नाही.

शेवटी मेकॅनिकने चाकावरच्या कमानीत, आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला खडू फासला. चिरंजीव एकटेच फिरून आले. खडू जागच्या जागी. मग मंगळवारी बाबांना घेऊन ते थेट गॅरेजवर थांबले. मेकॅनिकने वाकून पाहिले, तर अस्तरावर अंगठ्याएवढा पट्टा स्वच्छ पुसला गेला होता.

"काका बसले की या बाजूची स्प्रिंग दबते," तो म्हणाला, "आणि वळताना टायर वर घासतो. जुन्या स्प्रिंगा आहेत ना? त्या परत घालून टाकू. सकाळी गाडी सोडा, दुपारी न्या."

चिरंजीव चार पावले मागे गेले आणि मान तिरकी करून मला न्याहाळू लागले.

"म्हणजे मी एकटा असलो तर काही नाही ना?"

"एकट्याला काय होणार?"

"मग राहू द्या. बाबांना टॅक्सी करून देईन."

खिडकीची काच खाली होती. बाबा आतच बसले होते. "सापडलं ना एकदाचं? बरं झालं," ते म्हणाले. घरी जाताना प्रत्येक वळणावर ते अंग चोरून दाराकडून आत सरकत होते. तरीही चाक घासलेच. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

त्यानंतर मंगळवारी टॅक्सी येऊ लागली. टॅक्सीवाला दवाखान्याच्या दारात सोडून निघून जाई, आत खोलीपर्यंत कोण नेणार? मग बाबा म्हणू लागले, "आज नको, कंटाळा आलाय." चिरंजीव लोकांना सांगत, "त्यांनाच जायचं नसतं, मी तरी काय करू?" व्यायाम सुटला. काठी कधी हातात आलीच नाही, चाकांची खुर्ची मात्र घरात आली. इकडे मित्र माझी पाठ थोपटत, "वा! आवाज पार गेला की!"

पुढे चिरंजीवांचे माझ्यावरून मन उडाले. एक गिऱ्हाईक आले. मला पाहून ते म्हणाले, "गाडी छान आहे, पण इतकी खाली? माझी आई म्हातारी आहे, तिला कसं बसता येणार?"

"काळजीच सोडा," चिरंजीव म्हणाले. "उद्याच वर करून देतो."

आणि खरोखर, दुसऱ्या दिवशी दुपारी मी माझ्या मूळ उंचीवर घरासमोर उभी होते. बाबांनी खुर्ची दारापर्यंत ढकलत आणली. त्यांचा चेहरा उजळला. "अरे, वर केलीस होय! सांगायचंस ना आधी. थांब, मी बूट घालतो."

एक बूट पायात चढला तेव्हा चिरंजीव म्हणाले, "बाबा, गाडी विकलीय. ते लोक न्यायला येताहेत."

बाबा वाकलेलेच राहिले. "मग वर कोणासाठी केलीस?"

"त्यांच्या आईसाठी."

मित्रांनो, त्या आईला मी आता सगळीकडे नेते. त्या माऊलीचा काही दोष नाही, पण ती बसली की मला बाबा आठवतात आणि माझा जळफळाट होतो. तुमची स्वतःची गाडी होईल तेव्हा तिला हवी तशी सजवा, माझी ना नाही. पण घरातले कुणी बसल्यावर ती घासू लागली, तर कृपा करून माणसाला उतरवू नका, गाडी वर करा. अर्ध्या दिवसाचे काम असते ते.