बगळ्याच्या नजरेत

शेताच्या मधोमध लोखंडी मनोरा होता आणि त्याच्या टोकाला मातीकडे मान वाकवून बसलेलं यंत्र. बाबांनी त्याचं नाव बगळा ठेवलं होतं. मातीतून उठणाऱ्या अगदी क्षीण लहरी टिपून ती किती ओली आहे ते बगळा सांगायचा. तो खरं बोलतोय की थापा मारतोय हे तपासायला मात्र कुणाला तरी मक्यात शिरून मातीचे नमुने आणावे लागत. निवृत्तीनंतर घरात बसवेना म्हणून बाबांनी ते काम मागून घेतलं होतं. त्यांची मुलगी कडेच्या खोलीत बसून पडद्यावरची रेघ बघायची.

नियम एकच, पण कडक. शेतात फोन न्यायचा नाही. फोन चालू असला की बगळा बिथरायचा आणि रेघ वर जाऊन टेकायची. गेल्या आठवड्यात बाबा खिशात फोन घेऊन गेले आणि दिवसभराचे आकडे पाण्यात गेले. तिने चारचौघांसमोर त्यांची हजेरी घेतली होती.

"इथे रेंज कमी, म्हणून तुमचा फोन जास्तच ओरडतो, बाबा. कितीदा सांगायचं?"

तेव्हापासून त्यांचा फोन दाराजवळच्या पत्र्याच्या डब्यात जायचा.

आज ते दहाला गेले. काम अर्ध्या तासाचं. साडेअकरा झाले तरी पत्ता नाही. सकाळी त्यांनी मधुमेहाचं इंजेक्शन घेतलं होतं, आणि खाण्याचा डबा टेबलावर तसाच पडला होता. तो दिसला तशी ती उठली.

तिने दारातून हाका मारल्या. मका डोक्यावर गेलेला, त्यात वारा सुटलेला. हाक दहा पावलांवर विरत होती. नमुन्यांच्या जागा सात, प्रत्येकीवर एक झेंडा, मनोऱ्याभोवती पसरलेल्या. चुकीच्या बाजूला शिरलं तर वेळ जाणार, आणि बाबांकडे वेळ नव्हता.

तिने पत्र्याचा डबा उघडला. बाबांचा फोन आत नसू दे, एवढंच ती मनात म्हणत होती. आत फक्त तिचा फोन होता. बाबांनी नियम मोडल्याचा एवढा आनंद तिला जन्मात झाला नव्हता. तिने बाबांचा नंबर लावला.

फोन लागेना, मक्यात रेंजच नव्हती.

आता मात्र तिला रडू फुटलं. समोर बगळा आपला मुकाट्याने एकेका जागेकडे मान वळवत होता. पडद्यावर पहिली जागा, रेघ सपाट. दुसरी, तिसरी, चौथी, सपाट. पाचवीवर रेघ ताडकन वर गेली. तिने श्वास रोखून पुढची फेरी पाहिली. पुन्हा पाचवीच.

चहासाठी ठेवलेली साखर मुठीत घेऊन ती धावत सुटली. पानांनी गाल कापले, ते तिला नंतर कळलं.

बाबा पाचव्या झेंड्याशी आडवे होते, घामाने निथळत, ओठ पांढरे. फोन छातीशी धरलेला. तिने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि गालाच्या आत चिमूट चिमूट साखर लावत राहिली. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले.

"बंद करूनच आणला होता गं. पडलो तेव्हा चालू केला. लागेना कुणालाच. म्हटलं, निदान तुझ्या बगळ्याला तरी कळेल."

तिने आणखी एक चिमूट साखर त्यांच्या ओठांत ठेवली.

बाबांनी तिचा हात चाचपला. "आजचेही आकडे गेले ना? रागावू नकोस हं."