अकरा हजार आणि एकसष्ट

मावशींच्या दुकानात फक्त चेन दुरुस्त होते. बॅगेची, जॅकेटची, बुटाची, कसलीही. जिन्याखालच्या त्या खोपटात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला रस्त्यावर थांबावं लागतं. आजूबाजूचे त्यांना चेनवाल्या मावशीच म्हणतात.

हल्ली लोक चेन बिघडली की बॅगच टाकून देतात, म्हणून सुनेने त्यांना फोनवर दुकानाचं अकाउंट काढून दिलं. मावशी रोज एक व्हिडिओ टाकायच्या. अडकलेली चेन, पक्कड, मेणाचा तुकडा आणि त्यांचा अंगठा. दोन महिन्यांत साठेक लोक जमले. आणि एका सकाळी फोन उघडला तर आकडा अकरा हजारांवर.

मावशी गडबडून गेल्या. एवढी माणसं आपल्याकडे आली आणि आपण साधं या-बसा म्हटलं नाही, हे काही त्यांना बरं वाटेना. त्यांनी वही काढली. रोज दुकान उघडलं की वीस जणांना मेसेज करायचा: नमस्कार, आपली कोणती चेन बिघडली आहे? मेसेज गेला की वहीत टिक करायची. उत्तर एकाचंही येईना. कित्येकांची नावं म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. मावशींना वाटलं, लाजत असतील. चार जणांचा चेहरा अगदी सारखा होता, तोच मुलगा, तीच मोटारसायकल. हे भाऊ असावेत असं धरून त्यांनी चौघांना मिळून एकच मेसेज लिहिला आणि तो चौघांनाही पाठवला.

अशी चारशे माणसं झाली. मग एका बुधवारी दुपारी आकडा एकसष्टवर आला.

मावशींनी फोन बंद करून चालू केला. एकसष्टच. आदल्याच दिवशी त्यांनी एका व्हिडिओत म्हटलं होतं की प्लास्टिकच्या स्वस्त चेनीला हात लावण्यात अर्थ नसतो. तेच लोकांना लागलं असणार. अकरा हजार घरांत स्वस्त चेन असेल हे आपल्या लक्षात कसं आलं नाही? हातातलं काम बाजूला ठेवून त्यांनी लिहिलं: माझ्या बोलण्याने कुणाचं मन दुखावलं असेल तर मला माफ करा.

खाली लगेच कमेंट यायला लागल्या. मावशी, काय झालं? कुणी काही बोललं का? मावशींना काहीच उमगेना. गेलेले गप्प होते आणि न गेलेलेच विचारत होते.

सुनेने ऑफिसात ती माफी वाचली आणि अर्धा दिवस सुट्टी टाकून ती दुकानात आली. येऊन नुसतीच उभी राहिली. मावशींनीच स्टूल पुढे सरकवलं.

"आई, तुम्ही कुणाला दुखावलं नाही," ती म्हणाली. "ती माणसंच नव्हती. मी विकत घेतली होती."

मावशींनी चष्मा काढला, परत घातला. सुनेने सगळं सांगितलं. त्या रोज आकडा बघून खट्टू व्हायच्या, तिला ते बघवेना. आकडा मोठा दिसला की खरे लोकही येतात, असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. आता ॲपच्या कंपनीने खोटी खाती साफ केली.

"मग ते चार भाऊ?"

"एकच फोटो आहे, आई. कुणाचा तरी चोरलेला."

मावशींनी वही उघडून टिक केलेली पानं चाळली. राग आलाय की नाही, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. मधेच त्यांनी विचारलं, आपला चेहरा चार ठिकाणी फिरतोय हे त्या मुलाला ठाऊक असेल का. सुनेला ते माहीत नव्हतं.

संध्याकाळी मावशींनी खरं काय ते लिहायचं ठरवलं. सून नको म्हणाली, लोक हसतील. मावशींनी तिचं नाव कुठे घेतलं नाही. आमच्याकडून चूक झाली, एवढंच लिहिलं. अकरा हजार जण खोटे होते, तुम्ही एकसष्ट खरे दिसता, तर कोण आहात ते सांगा.

उत्तरं हळूहळू आली. एक शाळेची गाडी चालवणारा. एक नर्स. एकाला फक्त पकडीचा आवाज आवडायचा, त्याच्याकडे चेनवालं काहीच नव्हतं. महिनाभरात एकसष्टचे एकशे चार झाले, मग नव्याण्णव. पाच कोण गेले आणि का गेले, हे विचारायची काही सोय नव्हती. मावशींना ते दोन दिवस खुपत राहिलं.

त्याच आठवड्यात एक बाई व्हायोलिनची पेटी घेऊन आली. पेटीवरच्या कापडी खोळीची चेन कोपऱ्यावर उसवली होती. मी तुमच्या नव्याण्णवांपैकी एक, असं ती संकोचून म्हणाली. मावशींनी तिला नीट निरखून पाहिलं आणि मग विचारलं, तुम्ही कशामुळे आलात, व्हिडिओमुळे का?

"नक्की सांगता येणार नाही," बाई म्हणाली. "तुमची माफी वाचली आणि हसू आलं. मग वाईट वाटलं. मग ही पेटी आठवली."

मावशींना यातलं फारसं कळलं नाही. त्यांनी खोळ मांडीवर घेतली, दात मोजत कोपऱ्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, बसा, वेळ लागेल.