मुद्देमाल म्हणून ठेवलेली पिशवी

मी रेशनची पिशवी बोलतेय. आवाज बारीक येईल, कारण तोंड सुतळीनं आवळलंय आणि गाठीवर लाखेचा शिक्का आहे. सोलापुरातल्या एका सरकारी कचेरीत, लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात मी पडून आहे. कपाटाचं दार वाजलं की दचकते. मलाच काढताहेत की काय, असं वाटून छातीत धडधडतं. पिशवीला छाती नसते, हे मला ठाऊक आहे. तरी धडधडतं.

शाळेच्या गणवेशाच्या कापडातून माझा जन्म झाला. शिवम्मा गणवेश शिवायच्या कारखान्यात कामाला. कापून उरलेले निळे तुकडे मालकाला विचारून तिनं घरी आणले, जोडले आणि बंदांवर चार-चार टिपा मारल्या. "वीस किलो पेलले पायजेत," म्हणाली. मी पेलले.

महिन्यातून एकदा आम्ही दोघी रेशनच्या रांगेत. मशीन पहिल्यांदा तिचा अंगठा ओळखायचं नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिच्या तळहाताचा घाम माझ्या बंदात मुरायचा. तिसऱ्यांदा जमायचं. कार्डावर चार माणसं. गहू दुसऱ्या पिशवीत, बारा किलो तांदूळ माझ्यात. फुकट.

पण घरात तांदूळ खाणार कोण? शिवम्माची सासू बसम्मा अक्कलकोटकडची. ताटात भाकरी दिसली नाही की हात मागं घ्यायची.

"यव्वा, भात म्हंजे आजाऱ्याचं जेवण. मला काय ताप आलाय व्हय?"

शिवम्माचा नवरा चिंचोळीच्या कारखान्यात दिवसभर उभ्यानं काम करायचा. भातावर त्याचं दुपारपर्यंतही निभायचं नाही. मग दोन किलो डब्यात राहायचे आणि दहा किलो घेऊन आम्ही राजशेखरच्या किराणा दुकानात जायचो. सगळ्या गल्लीचीच ती वाट. कुणी बोलायचं नाही, पण जायचे सगळे.

राजशेखर मला काट्यावर ठेवायचा. मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन फुंकर मारायचा.

"अक्का, कणी लई हाय. अर्धा किलो तूट धरतो."

"मागल्या महिन्यातबी तेच म्हणला की, अण्णा. तुमच्या दारात आल्यावरच कशी कणी होती त्याची?"

"मग ने घरी. सासूला खीर करून घाल!"

दुकानातले हसायचे. शिवम्माही हसायची, आणि ज्वारीच्या पोत्याकडं बघायची.

पैसे हातात मिळायचेच नाहीत. तांदूळ चौदा रुपयांनी घेतलेला, ज्वारी बेचाळीसनं दिलेली. जाताना दहा किलोची असलेली मी, परतताना जेमतेम तीन किलोची. तोच तांदूळ इडलीच्या पिठासाठी दुप्पट भावानं जातो, हे मी त्या काट्यावर बसूनच ऐकलंय. शिवम्मानंही ऐकलं असेल. पण बसम्माला भाकरी हवी होती.

रेशनचा तांदूळ विकणं गुन्हा, म्हणून गेल्या महिन्यात पुरवठा खात्याचे साहेब तपासणीला आले. राजशेखरच्या मागच्या खोलीतली पोती त्या दिवशी सकाळीच टेम्पोत चढून गेली होती. खोली झाडून स्वच्छ. फळीवर फक्त मी, आणि समोर शिवम्मासकट चार बायका.

"पिशवी कुणाची?" साहेबांनी विचारलं.

चौघी पायऱ्यांकडं बघायला लागल्या.

"ह्यातल्या एका किलोवर सरकार चाळीसेक रुपये घालतं, कळतंय का? कुणासाठी?" असं म्हणत त्यांनी आतला तांदूळ बघायला मला तिरकी केली. जरा जास्तच तिरकी झाले मी. धार सुटली ती थेट पायऱ्यांवर, लोकांच्या चपलांमध्ये.

शिवम्मा गप्प उभी राहिली असती तर त्या दिवशी निभावलं असतं. पण अन्न पायदळी येऊ द्यायचं नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं. ती खाली वाकली आणि दाणे पदरात वेचायला लागली. एकटी तीच.

"म्हणजे तांदूळ तुमचा," साहेब म्हणाले.

राजशेखरनं वेळ लावला नाही. "मी घेतच न्हाय साहेब. ह्या बायकाच आणून टाकत्यात. हिचं नाव शिवम्मा."

तळाशी उरलेल्या दोन किलोंसकट मला बांधलं. राजशेखरचं काही झालं नाही. दुकानात साठा सापडलाच नाही तर कारवाई कशाची करणार, असं कारकून चहा पिता पिता बोलत होते. शिवम्माचं कार्ड मात्र थांबवलंय. सोमवारी तिचा जबाब आहे. पिशवी तिचीच ठरली की कार्ड कायमचं रद्द. मग तांदूळ नाही आणि गहूही नाही. चार तोंडांचं सगळं विकतचं, आणि तेही राजशेखरकडूनच.

मला आता आतून मुंग्या लागल्यात. त्याचं काही नाही. सोमवारची मात्र धास्ती वाटते.

शिवम्मा, तुला खोटं बोलायला जमत नाही, माहीत आहे मला. मग खरंच सांग. म्हण, खाली अन्न सांडलं होतं म्हणून वाकले, कुणाचंही असतं तरी वाकले असते. एवढंच सांग आणि थांब. मला टेबलावर ठेवतील तेव्हा हात पुढं करू नकोस. डोळे भरून बघूही नकोस.

तुझ्या पाया पडते बाई, मला ओळखू नकोस.