माझ्या तोंडावरचा हिरवा डाग

मित्रांनो, माझ्या पाठीचं कुबड बघून हसू नका. मी काचेच्या नळीचा जुना टीव्ही आहे, आणि त्या कुबडातच माझा सगळा जीव आहे. हल्लीचे टीव्ही भिंतीला पापडासारखे चिकटतात. चिकटू देत.

पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून मी सोलापूरला लालबीच्या घरी आलो, त्याला पंचवीस वर्षं होतील. तेव्हा सगळी गल्ली माझ्यापुढं मांडी घालून बसायची. पुढं घरोघरी पातळ टीव्ही आले नि गल्ली आपापल्या घरी गेली. लालबी राहिली. ती शाळेचे गणवेश शिवते. कापडाच्या रंगाला धागा जुळवावा तर तिनंच, असं कारखान्यातून गठ्ठे आणणारा भारत म्हणायचा.

यंदा तिच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. सांडलेल्या सुया वेचायला नको म्हणून तिनं फुटक्या स्पीकरमधलं लोहचुंबक मिळवलं. ते जमिनीवरून फिरवायचं, सुया गोळा करायच्या नि काम झालं की माझ्या डोक्यावर ठेवायचं.

माझ्या काचेमागं बारीक भोकांची पत्र्याची चाळण असते. तिच्यामुळं लाल, हिरवा, निळा आपापल्या जागी पडतो. लोहचुंबक जवळ आलं की रंग वाट चुकतात. बातम्या सांगणाऱ्या बाईचा गाल हिरवा झाला.

लालबीनं डावा डोळा मिटून पाहिलं, मग उजवा. दोन्हींनी हिरवंच. ऑपरेशन एकाचं झालं नि बिघडले दोन्ही, असं तिनं ठरवून टाकलं. कुणाला विचारलं नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेली बाई विचारणार कशी?

भारत गठ्ठा घेऊन आला.

"चाची, मरून स्कर्ट हायत."

"मला पांढरे शर्ट दे."

"पांढरं संपलं की. रंगाचं घेत नसला तर सोमवारपासून दुसरीकडं देतो."

"दे जा. सोलापुरात सुया काय माझ्याच घरात हायत?"

तो गेल्यावर तिनं रिळं उंबऱ्यावर उजेडात नेली नि कितीतरी वेळ बघत बसली. रंग नीट दिसत होते, पण तिचा आता त्यांच्यावर विश्वास नव्हता. मला सगळं कळत होतं. पण मी दिवसभर बोलतो ते दुसऱ्यांचं. माझं स्वतःचं मला एक अक्षर बोलता येत नाही.

रविवारी शेजारची केराबाई आली. महिनाभर ती गावी मेंढरांकडं होती. माझ्यापुढं टेकली नि म्हणाली,

"अगं लालबी, ह्या बाईच्या तोंडाला शेवाळ आलंय का काय?"

लालबीचा हात थांबला. "तुला पन हिरवी दिसती?"

"न दिसाया काय झालं?"

"मग इतके दिवस कुटं मेली होतीस?"

"मेंढरांकडं की," केराबाई म्हणाली. ती बिचारी गोंधळली.

तासाभरात टीव्ही दुरुस्त करणारे म्हातारे वीरभद्रप्पा आले. त्यांनी आधी लोहचुंबक उचललं.

"भाभी, हे ह्याच्या डोक्यावर ठेवत होता व्हय?"

"मग काय माझ्या डोक्यावर ठेवू?"

लोहचुंबक गेलं तरी डाग राहिला. चाळणीत त्याचा गुण उतरला होता. वीरभद्रप्पांनी तारेचं मोठं कडं काढलं, वीज जोडली नि माझ्या तोंडापुढं गोल गोल फिरवलं. माझे सगळे रंग गरगरले. फिरवत फिरवत ते मागं सरकत दारापर्यंत गेले नि तिथंच बटण सोडलं. जवळ सोडलं तर डाग आणखी पक्का बसतो. बातम्यांची बाई पुन्हा गव्हाळ झाली.

लालबीनं त्यांच्यापुढं चहा ठेवला नि भारतला फोन लावला.

"मरूनचा गठ्ठा आजच आण. न्हाय कुटं म्हणाले मी?"

मित्रांनो, लोहचुंबक नि स्पीकर आमच्यापासून हातभर लांब ठेवा. आणि डोळ्यांना भलतंच काही दिसलं, तर शेजारच्याला विचारा, त्याच दिवशी विचारा. लालबीनं तीन आठवडे घालवले. आता ती माझ्याकडं पाठ करून मरून स्कर्टांना चुण्या घालते आहे. दोन दिवस झाले, तिनं मला चालूसुद्धा केलेलं नाही. माझी तक्रार नाही.